थांबाबाईचा अर्धा तास

रंगाच्या कारखान्यात माझ्या आत्याला सगळे थांबाबाई म्हणत. तपासणीच्या खोलीत नमुना आला की ती तो ढवळायची, टेबलावर ठेवायची आणि म्हणायची, "थांबा." मग अर्धा तास ती कुणाच्या बापाचं ऐकत नसे.

कारण साधं होतं. रंगातले बारीक कण निवांत असले की एकमेकांना धरून बसतात. ढवळलं की त्यांचे हात सुटतात आणि रंग पातळ होतो. मग हळूहळू ते पुन्हा धरतात. आत्या रंगात यंत्राची दांडी फिरवून तिला किती अडथळा होतो ते काट्यावर बघायची आणि दर पाच मिनिटांचा आकडा आलेखाच्या कागदावर मांडायची.

रंग घोटायच्या यंत्रावर माझे बाबा होते, तिचे थोरले भाऊ. "भावाचा माल काय, डोळे झाकून पास!" असं कुणीतरी बोललं आणि ते तिला लागलं. मला विचाराल तर तिचं इथेच चुकलं. लोकांची तोंडं कुणी धरलीत? पुढच्या वेळी बाबा नमुन्याचा डबा हिंदकळवत धावतच आले, तर भावाला सवलत नाही हे दाखवायला तिने न थांबता तिथल्या तिथे दांडी लावली. "पातळ आहे. नापास." साहेबांनी बाबांना यंत्रावरून काढून पिंपं उचलायला लावलं.

चौथ्या दिवशी तोच डबा तिच्या हाती लागला. तिने रंग ढवळला, अर्धा तास थांबली, आकडे मांडले. माल पहिल्यापासून बरोबर होता. आलेख घेऊन ती तडक साहेबांकडे गेली.

"चूक माझी आहे, दादाची नाही. मी थांबलेच नाही."

बाबा यंत्रावर परतले. आत्याची ठरलेली बढती गेली, पण तिला त्याचं काही नव्हतं. दादा बोलत नाही, हेच तिला खात होतं.

महिन्याभराने, एका सुट्टीच्या सकाळी, ती आमच्या दारात उभी राहिली. बाबा पेपर वाचत होते.

"दादा, ऐक ना, त्या दिवशी मी..."

"थांबा," बाबा थेट तिच्याच आवाजात म्हणाले. "अर्धा तास. आत्ता बोललीस तर नापास करीन."

आत्या हसता हसता रडायलाच लागली. बाबांनी पायाने शेजारची खुर्ची तिच्याकडे सरकवली. दोघं एक शब्द न बोलता बसून राहिले. मी घड्याळाकडे बघत होतो. तीस मिनिटं झाली तेव्हा बाबांनीच पेपर मिटला.

"जेवूनच जा," ते म्हणाले.