बिघडलेली सीडी घेऊन धार-मांडू

धारला जायचं माझं कधीपासून चाललं होतं, पण पाय निघाला तो रेखाच्या फोनने. रेखा म्हणजे माझ्या मेव्हण्यांची मुलगी. मी तिच्या आत्याचा नवरा, म्हणून धारच्या जुन्या रीतीप्रमाणे ती मला आतोबा म्हणते.

"आतोबा, तुम्ही येऊन बाबांना समजवा. माझ्या लग्नाचा गोंधळ इंदूरची पार्टी घालणार म्हणतायत. तसं असेल तर गोंधळ नकोच मला."

तिचं म्हणणं खरं होतं. माझी सासरवाडी गोंधळ्यांची, मराठ्यांच्या दरबाराबरोबर धारला आलेली. लग्नानंतर संबळ वाजवत एकेका गावच्या देवीला नावाने हाक मारायची, हे त्यांचं पिढ्यांचं काम. पुढे दादा, म्हणजे रेखाचे वडील. मागे त्यांचे चुलतभाऊ विष्णूभाऊ. दादांनी ओळ टाकायची, विष्णूभाऊंनी शेवटचा शब्द झेलायचा. याला झील धरणं म्हणतात. विष्णूभाऊ गेले आणि दादांनी संबळ खुंटीला टांगला तो टांगलाच.

पिशवीत दोन कपडे, औषधाच्या गोळ्या, सीडी प्लेयर आणि एक सीडी टाकली. या सीडीबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

मी साताऱ्याकडचा. शाळा सातवीपर्यंत. देवासच्या कारखान्यात लागलो आणि इथलाच झालो. नव्वदच्या सुमारास मुलाने एक कॅसेट आणली, 'लॉन्ड्री रो' नावाच्या अमेरिकन मंडळींची. गाणं कसलं, तिघे जण तालावर भराभर बोलतायत. मुलगा दोन महिन्यांत कंटाळला, मला मात्र ते चिकटलं. आमच्या प्रेस मशीनचा ठेका आणि त्यांचा ठेका अगदी सख्खे भाऊ. इंग्रजी मला निम्मंच कळतं, उरलेलं मी आवाजावरून समजून घेतो. तिघांना मी आपला थोरला, मधला आणि धाकटा म्हणतो. थोरला बोलायचा, मधला त्याला टोमणे मारायचा आणि धाकटा प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द वरच्या पट्टीत झेलायचा. मध्ये बरीच वर्षं त्यांचं काही आलं नाही. धाकटा वारल्याचं मुलाने इंटरनेटवर वाचून सांगितलं होतं. आणि आता हा नवा अल्बम.

काय सांगू, फार गोड म्हातारे झालेत दोघे. पहिलंच गाणं दुकानाचं शटर वर करण्याच्या आवाजाने सुरू होतं आणि त्या खडखडाटाचाच ताल होतो. पूर्वी गाड्यांच्या बढाया मारायचे, आता एक अख्खं गाणं जिन्यावर आणि दुखऱ्या गुडघ्यांवर आहे. थोरल्याला धाप लागते, ती त्यांनी लपवलेली नाही. उलट तालात बसवलीय. पण सीडीत एक खोट होती. काही ओळींच्या शेवटी आवाजच गायब, ठेकासुद्धा. क्षणभर सगळं बंद, मग पुन्हा सुरू. इंदूरला बस बदलायची होतीच, तेव्हा ती जिथून घेतली त्या दुकानात वाटेत गेलो. दुकानदाराने दुसरी सीडी लावून दाखवली.

"अंकल, ये भी ऐसी ही है. माल ही ऐसा आया है."

"पूरी लॉट खराब होगी," मी म्हणालो आणि चरफडत गंगवाल स्टँड गाठलं.

जाणाऱ्यांसाठी: धारच्या बसेस इथूनच सुटतात, भरल्याशिवाय हलत नाहीत. "भिया, थोडा सरको," असं चार वेळा ऐकल्यावर बस भरली असं समजावं. खिडकी उजवीकडची घ्या, दुपारी ऊन लागत नाही. स्टँडसमोर पोहे खाऊन घ्या, वर शेव भुरभुरून देतात.

आमची सौ. लग्नाच्या तयारीला आधीच माहेरी पोचली होती. पिशवीतला प्लेयर बघून म्हणाली, "समजवायला आलात की गाणी ऐकवायला?"

दादांना समजवणं सोपं नव्हतं. चहा झाला, मी विषय काढला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"दाजी, ओळ टाकली आणि मागून कोणी झेललीच नाही, तर ती पडते. भरल्या मांडवात पडते. ते मला बघवणार नाही."

"दुसरा कुणी झील धरेल."

"विष्णूच्या जागी?" एवढंच म्हणाले.

मी पिशवीतून प्लेयर काढला आणि सीडी लावली. दादांना इंग्रजी ओ की ठो कळत नाही. पण बोटं मांडीवर चालू झाली. शटरच्या आवाजाला हसले. मग ती खोट आली. बोटं थबकली. पुन्हा आली, पुन्हा थबकली.

"सीडी बिघडलेली आहे," मी म्हणालो.

"याच्यात झेलणारा कुणी होता का?"

"होता. वारला."

दादांनी गाणं पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं. मग उठून आत गेले. इतके दिवस मी ज्या जागांना खोट म्हणत होतो, त्या रिकाम्या जागांत धाकटा बसला होता.

दुसऱ्या दिवशी रेखाने सगळ्यांना मांडूला काढलं. धारहून शेअर जीप मिळते, तासाभराचा रस्ता. घाट लागला की काकडा खोहवर थांबा, दरी बघा. तिथेच दाल-पानिये खा: मक्याचे जाड गोळे पानात गुंडाळून गोवऱ्यांवर भाजतात, वर भरपूर तूप. खुरासानी चिंचेचं, म्हणजे आपल्या गोरखचिंचेचं, फळ विकत घ्या, पण आंबटपणाची तयारी ठेवा.

वाटेत एक पडक्या इमारतींची जागा आहे, तिला सगळे इको पॉइंटच म्हणतात. रस्त्यावर उभं राहून ओरडायचं, समोरून आवाज परत येतो. पोरंटोरं आपापली नावं ओरडत होती. रेखा सौ.ला म्हणाली, "आत्या, तू आतोबांचं नाव ओरड ना." सौ.ने माझं नाव घ्यायला साफ नकार दिला.

गर्दी पांगली तशी दादा पुढे झाले. घसा खाकरला आणि खड्या आवाजात हाक दिली, "धारची कालिका..."

समोरून आलं, "...कालिका."

"देवासच्या टेकडीवरच्या दोघी..."

"...दोघी."

दादा आमच्याकडे वळले. मग म्हणाले, "उशिरा झेलतो. विष्णूही उशिराच झेलायचा. कितीदा शिव्या घातल्यात मी त्याला."

रेखा मान वळवून उभी राहिली. जीपमध्ये बसताना दादा तिला एवढंच म्हणाले, "संबळाचं चामडं सुकलंय. नवं चढवायला हवं."

परतताना इंदूरला मी मुद्दाम त्या दुकानात गेलो. सांगितलं, सीडी ठीक है.

"मैं तो पहले ही बोल रहा था, अंकल," दुकानदार म्हणाला. बोलला नव्हता, पण असू दे.

महिन्याने लग्नाला पुन्हा धारला जाऊन आलो. आता देवासला, घरात, तीच सीडी लावून हे टाइप करतोय. मांडूचे महाल डोळ्यांपुढे अंधूक होतील, पानियांची चव थोडी जास्त टिकेल. पण राहिलंय ते वेगळंच.

गोंधळाला दादांच्या मागे विष्णूभाऊंचं तुणतुणं पाटावर ठेवलेलं होतं. तिथे कुणीच बसलं नव्हतं. दादांनी कालिकेला हाक मारली, संबळावरचा हात उचलला आणि थांबले. मांडव चिडीचूप. माझ्या शेजारचा लाउडस्पीकरवाला घाबरून वायर हलवायला उठला. मी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

"बैठ भिया," मी म्हणालो. "कुछ नहीं बिगड़ा."