शंकासूर सर

प्रयोगाचा निकाल मनासारखा आला की सरांचा चेहरा पडायचा. निकाल बिघडला तर ते निवांत चहा मागवत. बिघडलेल्या निकालावर सगळेच शंका घेतात, त्याची काळजी आपण कशाला करायची, असं त्यांचं म्हणणं. पण आलेख सुरेख चढत गेला, आकडे नीट जुळले, की ते खुर्ची पुढे ओढत, चष्मा कपाळावर सरकवत आणि थेट मालवणीत विचारत, "ह्यां खरां? तुका कोणी सांगल्यान?"

पूर्व उपनगरातल्या एका संशोधन संस्थेत क्षयाच्या जंतूंवर आमचं काम चाले. सर आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. दशावतारात संकासूर असतो, त्यावरून मुलांनी त्यांचं नाव 'शंकासूर' पाडलं होतं. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा आम्ही घाबरलो. सर मात्र खूश झाले. म्हणाले, "दशावतारातलो संकासूर वेद चोरता, मी तुमची झोप चोरतंय." आणि लगेच माझ्याबरोबर काम करणाऱ्या निखिलला विचारलं, "पण सगळे हेच नाव घेतात कशावरून? किती जणांना विचारलंस?"

यंत्रांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. जंतू वाढवायच्या पेटीवर तापमानाचा आकडा लखलखत असे, तरी आत त्यांचा स्वतःचा जुना पाऱ्याचा थर्मामीटर ठेवलेला असायचा. मुलुंडच्या बाजारात मासळी घेतानाही तेच. पापलेटचे कल्ले उघडून, डोळा दाबून, वास घेऊन झाला की पुन्हा पहिल्या पापलेटकडे. एकदा मी बरोबर होते. कोळीण वैतागून म्हणाली, "ओ डॉक्टर, मासळी घेताय का पोस्टमार्टेम करताय?" सर गंभीरपणे म्हणाले, "आधी तेच करतो. घरी नेल्यावर करून काय उपयोग?"

जंतूबद्दल मात्र ते वेगळ्या आवाजात बोलायचे, एखाद्या धूर्त शेजाऱ्याबद्दल बोलावं तसे. "आपल्या शरीरातली पेशी ह्याला गिळायला येते. हा विरोध करत नाही. मुकाट गिळला जातो आणि तिच्याच पोटात खोली थाटून बसतो. वर्षानुवर्षं. बाहेर सगळं शांत. म्हणून सांगतो विशाखा, शांतता दिसली की जास्त बघायचं." मी नवीन होते. घाटकोपरच्या वस्तीतून आलेली, घरात पहिलीच एम. एस्सी. झालेली. वडील बस चालवायचे, आजोबा जालन्याकडून मुंबईत आलेले. सरांचं बोलणं मी कान देऊन ऐकायची. त्यांची शंका एक दिवस माझ्याच टेबलावर येऊन बसेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

झालं असं, की वेगवेगळ्या दवाखान्यांतून आमच्याकडे थुंकीचे नमुने येत. त्यातले जंतू वाढवून, त्यांची जनुकं वाचून, कुठलं औषध त्यांच्यावर चालेनासं झालंय ते आम्ही शोधायचो. त्या वेळी तीन रुग्णांचे जंतू हुबेहूब एकसारखे निघाले, तिळी भावंडं असावीत तसे. तिघांवरही एक नवीन, महत्त्वाचं औषध चालत नव्हतं. एक तरुण मुलगी भांडुपची, एक माणूस मालाडचा, एक वयस्कर गृहस्थ कुर्ल्याचे. नात्यात नाहीत, शेजारी नाहीत, एकमेकांना ओळखत असल्याचं तिघांपैकी कोणी सांगितलेलं नाही. निखिल टाळी द्यायला हात पुढे करून म्हणाला, "झकास! संसर्गाची नवीन साखळी सापडली यार."

सरांनी चष्मा कपाळावर नेला. बराच वेळ पडद्याकडे बघून म्हणाले, "तीन टोकांची तीन माणसां आणि जंतू एकच? ह्यो जंतू तेंच्या छातीतलो नाय. आपल्या टेबलावरचो आसा."

म्हणजे एका नमुन्यातला थेंब दुसऱ्यात गेला असणार. प्रयोगशाळांत असं घडतं, नाही असं नाही. आणि ते तिन्ही नमुने एकाच आठवड्यात माझ्या हाताखालून गेले होते.

त्या दिवसापासून खोलीतली हवाच पालटली. माझ्या बाटल्या वेगळ्या काढून कपाटात कुलूपबंद झाल्या. मी आत गेले की बोलणारे गप्प होत. निखिल म्हणाला, "टेन्शन नको घेऊ, होतं असं कोणाकडूनही." त्याच्या चांगुलपणाचाच मला राग आला, कारण त्याच्या लेखी चूक माझी हे ठरूनच गेलं होतं. मग मलाही सवय लागली. माझ्यामागे टेबल कोणी पुसलं, माझी नळी कोणी वापरली, निखिलची नजर कुठे आहे, मी सगळ्यांवर डोळा ठेवू लागले. घरी आईला सांगितलं. ती भाकरी थापता थापता थांबली. "तुझाच हात तपासतात का गं? बाकीच्यांचे तपासतात?"

आमच्या घरात हा प्रश्न नवा नव्हता. आजोबांनी तो गावात विचारला होता, वडिलांनी डेपोत. मी दुसऱ्या दिवशी सरांच्या खोलीत गेले.

"सर, तुमचा माझ्यावर संशय आहे का?"

"निकालावर आहे."

"निकाल माझ्या हातचा आहे. आणि कुलूप फक्त माझ्याच बाटल्यांना लागलंय."

सरांनी टेबलावरचा पेपरवेट इकडून तिकडे ठेवला. मला वाटलं, आता रागावतील. ते एवढंच म्हणाले, "बरोबर आहे तुझं. जा, काम कर."

संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना बोलावलं. त्या महिन्यात ज्यांनी ज्यांनी त्या खोलीत काम केलं त्या प्रत्येकाचे नमुने, प्रत्येकाची द्रावणं पुन्हा तपासायची. सरांनी स्वतः काही बाटल्या भरल्या होत्या, त्याही. सगळ्यांवर नावाऐवजी खुणा लावायच्या, आणि कुठली खूण कोणाची हे एकाच माणसाला माहीत असेल. "ते विशाखा बघेल," सर म्हणाले. "माझी बाटली कुठली, ते मलासुद्धा सांगू नकोस. विचारलं तरी नको." निखिलचं तोंड बघण्यासारखं झालं. कपाटाची किल्ली मी खिशात घातली, पण सरांवरचा माझा संशय काही त्या दिवशी गेला नाही. चुकीची भरपाई म्हणून करतायत, की खरंच पटलंय, हे मला ठरवता येईना.

तिघांकडून ताजे नमुनेही मागवले. क्षयाचा जंतू फार सावकाश वाढतो, आठवडेच्या आठवडे घेतो. मधे भांडुपच्या मुलीच्या डॉक्टरांचा फोन आला. मी समोरच होते. आमचा पहिला निकाल त्यांच्याकडे गेला होता, आणि त्या विचारत होत्या, औषधं बदलू का? बदलायची तर अंगावर येणारी औषधं, कातडी काळवंडते, पायांत मुंग्या येतात. सर म्हणाले, "आमचा निकाल मला संशयास्पद वाटतो. चुकीच्या कागदावर पोरीला ती औषधं देऊ नका. आहे ते चालू ठेवा. थांबा."

त्या थांबल्या.

ताज्या नमुन्यांतूनही तेच जंतू उगवले. तिन्ही पुन्हा हुबेहूब. आमच्या बाटल्या, द्रावणं, टेबलं सगळी स्वच्छ निघाली. मी सगळ्यांसमोर खुणा उलगडून सांगितल्या. सर माझ्या टेबलाशी आले. "तुझा हात स्वच्छ होता," सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. आणि मग हळू आवाजात, "त्या पोरीला मी थांबवलंय, विशाखा."

त्यांनी लगेच फोन केला आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन दवाखान्यात गेले. संशोधकाने रुग्णाला भेटायची आमच्याकडे रीत नव्हती. तिच्या डॉक्टरांनी तिला विचारून परवानगी दिली. स्वप्नाली तिचं नाव. दवाखान्याच्या मोकळ्या व्हरांड्यात बसली होती, मास्क लावलेला, खांद्याची हाडं वर आलेली. उशीर का झाला ते सरांनी काही न लपवता सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे तुमची खात्री होईपर्यंत मी खोकत बसले," ती म्हणाली. "घरात माझी भाची आहे. दोन खोल्या आहेत आमच्या. तुम्हाला खात्री करायला वेळ होता, मला होता का?"

"नव्हता," सर म्हणाले. मला वाटत होतं, त्यांनी काहीतरी समजावून सांगावं, चुकीची औषधं दिली असती तर काय झालं असतं ते तरी. त्यांनी सांगितलं नाही. निघताना फक्त विचारलं, कामाला कुठे जातेस? ती पटकन म्हणाली, "घरीच असते."

रिक्षात बसल्यावर सर पुटपुटले, "ही घरी बसणारी नाही. धाप लागली होती, तरी एक अक्षर गिळलं नाही तिने. हा कमावलेला आवाज आहे." मग माझ्याकडे वळले. "मी विचारलं तर नाही सांगणार. का सांगावं? तू जाशील?"

मी गेले. एकदा, दोनदा, नुसतीच गप्पा मारायला. तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, "नाव बाहेर गेलं तर माझी वाट लागेल हां." ती डबिंग करायची. पडद्यावरच्या गर्दीचे आवाज: लग्नातल्या बायका, बाजारातला गलका, मोर्चातल्या घोषणा. "खोकला झालाय कळलं तर बूथमध्ये कोण उभं करेल मला? आणि हा खोकला?" अंधेरीतला एक स्टुडिओ तिने सांगितला. मालाडचा माणूस तिथेच ध्वनिमुद्रक निघाला. कुर्ल्याचे काका म्हाताऱ्यांचे आवाज द्यायचे. तिघांनीही एकाच भीतीने तोंड बंद ठेवलं होतं.

दवाखान्यातून क्षयाचं काम बघणारे आरोग्य कर्मचारी गेले, त्यांच्यासोबत सर आणि मीही गेलो. स्टुडिओच्या मालकाने दारातच विचारलं, "कोणी तक्रार केली?" आवाज बाहेर जाऊ नये म्हणून बूथला जाड दार, भिंतींना स्पंज, खिडकी नाहीच. दहा-बारा माणसं आत उभी राहून तासन्‌तास ओरडायची. मालक म्हणाला, "एसी चोवीस तास चालू असतो साहेब, एकदम फ्रेश." सरांनी खिशातून उदबत्ती काढली, पेटवली आणि दार लावून घेतलं. धूर वर गेला, छताशी पसरला, खाली आला आणि आमच्याच तोंडाभोवती फिरत राहिला. काही वेळाने दार उघडलं, तेव्हा मालकालाही ठसका लागला.

"थंड होते हवा," सर म्हणाले. "बदलत नाही."

मालकाने नंतर हवा बाहेर खेचणारा पंखा बसवला, दोन कामांच्या मधे दार उघडं ठेवायला लागला. पण त्या दिवशी त्याचं एकच चाललं होतं. "कोण होतं ते सांगा. मी काढत नाही कामावरून, नुसतं नाव सांगा." सर हसले. "तुम्ही काढणार नाही हे खरं कशावरून? सगळ्यांना तपासा. तुम्हालासुद्धा." सगळे तपासले गेले. आणखी दोघी सापडल्या, अगदी सुरुवातीलाच. त्या लवकर बऱ्या झाल्या. स्वप्नालीच्या भाचीला काही झालं नव्हतं. स्वप्नालीला मात्र खूप महिने लागले. ती बरी झाली, कामावरही परतली, पण सरांना ती पुन्हा भेटली नाही. सरांनी निरोप पाठवला होता. तिने उत्तर दिलं नाही. त्याबद्दल सर मला एकदाच बोलले, "तिला न भेटायचा हक्क आहे."

त्यानंतर ते बदलले, निदान मला तरी तसं दिसलं. शंका घ्यायचे तेवढीच, पण निकाल थांबवायचा ठरला की आधी विचारायचे, "हा नमुना कोणाचा? तो माणूस आत्ता काय करतोय?"

सर निवृत्त झाले. मग काही वर्षांनी त्यांच्या पत्नीचा, काकूंचा फोन आला. सर विसरायला लागले होते. आणि विसरण्याबरोबर त्यांची शंका घरभर पसरली होती. किल्ल्या काकूंनी लपवल्या, शेजारी भिंतीतून ऐकतात, जेवणात कोणी काही घालतं. पूर्वी शंका आली की ते तपासत आणि तपासून झालं की मान्य करत. आता तपासलेलं लक्षातच राहत नव्हतं. मी मुलुंडला गेले. सर खिडकीपाशी बसले होते, ओठ सुकलेले. काकू म्हणाल्या, "सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नाही गो. मी काहीतरी घातलंय म्हणतात."

"तुम्ही कोण?" सरांनी मला विचारलं.

"विशाखा. तुमच्याकडे काम करायची."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. पटलं नव्हतं. मी वाद घातला नाही. स्वयंपाकघरातून तांब्या आणला, दोन पेले आणले, त्यांच्या डोळ्यांदेखत दोन्ही भरले आणि समोरच्या स्टुलावर ठेवले. त्यातला एक उचलून मी अर्धा प्यायले, खाली ठेवला आणि म्हणाले, "सर, यातला कुठला घ्यायचा ते तुम्ही ठरवा."

ते किती तरी वेळ दोन्ही पेल्यांकडे बघत होते. भरलेल्या पेल्याला त्यांनी बोट लावून तो हळूच बाजूला सारला. मग माझा उष्टा पेला दोन्ही हातांनी उचलला आणि तळ दिसेपर्यंत प्यायले.

काकू दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. सरांनी रिकामा पेला माझ्यापुढे धरला.

"आणखी," ते म्हणाले. "पण आधी तू."