हाक्याची मोकळी बाजू

आमच्या इंदिरानगरच्या घरात हॉलच्या भिंतीवर बिबट्याचं कातडं टांगलेलं होतं. शेजारीपाजारी त्याला वाघ म्हणायचे आणि वडील कधी कुणाची चूक दुरुस्त करायचे नाहीत. मागच्या पायाशी कसर लागली होती. आई तिथे डांबरगोळ्यांची पुरचुंडी बांधायची आणि पाहुणे त्या वासातच चहा प्यायचे.

शिकारीवर बंदी येण्याआधी, नोकरीच्या सुरुवातीला, वडिलांनी परवाना काढून हरसूलकडच्या डोंगरात एक हंगाम शिकार केली होती. एकच हंगाम. पण तो त्यांनी पुढे चाळीस वर्षं पुरवून पुरवून खाल्ला. दोन सांबरं, एक रानडुक्कर आणि शेवटी हा बिबट्या. दिवाळीच्या फराळाला माणसं जमली की कुणीतरी म्हणायचंच, "अण्णा, ती वाघाची होऊन जाऊ द्या." वडील आधी नाही नाही म्हणायचे, मग चकली बशीत ठेवून हात झटकायचे. आम्हा घरच्यांना कळायचं, सुरू झालं.

गोष्ट मला तोंडपाठ होती. पाड्यावरची साठ माणसं डबे बडवत डोंगर उतरतायत. "चारी बाजूंनी हाका! मुंगीला शिरायला जागा नाही!" इथे वडील दोन्ही हातांनी हवेत गोल काढायचे. मग बिबट्या दिसतो, गोळी लागते, पण जखमी होऊन तो कारवीच्या दाट झाडीत शिरतो. सगळे मागे सरतात. वडील एकटे बंदूक घेऊन आत जातात आणि दहा पावलांवरून त्याला संपवतात. आणि मग तो विनोद. "आमचा वाटाड्या एवढा घाबरला, की पळता पळता अर्धा कान तिथेच विसरला!" हशा व्हायचा. मीसुद्धा हसायचे. शाळेत मी शिकाऱ्याची मुलगी म्हणून मिरवायचे, हेही आताच सांगून टाकते.

तो वाटाड्या दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर आमच्याकडे यायचा. नागली आणि नव्या तांदळाची पिशवी घेऊन, हरसूलहून एसटीने. डावा कान खरंच अर्धा होता. तो कधी हॉलमध्ये बसला नाही, म्हणजे त्याला कधी कुणी बस म्हटलं नाही. व्हरांड्याच्या पायरीवर कपबशी घेऊन बसायचा आणि निघताना न चुकता वाघदेवाच्या पूजेचं आमंत्रण द्यायचा, "साहेब, वाघबारशीला या पाड्यावर. तुमचं सांगायचं राह्यलंय."

वडील हसून म्हणायचे, "अरे, माझं तर रोज सांगून होतं." मग आई त्याला जुने शर्ट द्यायची.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, मी कॉलेजात असताना, एकदा पाहुणे आणि तो एकाच वेळी आले. आत गोष्ट चालली होती, खिडक्या उघड्या होत्या. मी बाहेर जाऊन त्याच्या हातात चहा दिला, तेवढ्यात आतून कानाचा हशा आला. म्हातारा बशीत चहा ओतत होता. त्याचा हात हलला नाही. मला मात्र तोंड कुठे लपवू असं झालं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "बाबा, कान कसा गेला हो?"

"मी गेलो व्हतो आत," तो साधेपणाने म्हणाला. "हाताला घोंगडी गुंडाळली न् कोयता घेतला. साहेब मंग आलं, जनावर पडल्यावर."

"आणि चारी बाजूंनी हाका?"

तो पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "चारी बाजू कोन लावल, ताई? तीन बाजू लावायच्या. एक मोकळी ठेवायची. वाट दिसली का जनावर वाटेनं जातं. नाय दिसली तर मानसातून काढतं. मी पोरांना वहळाकडली बाजू सोडायला लावली, म्हनून वहळातच जाऊन पडला. जाता जाता माझा कान नेला, तेवढंच."

मी रिकामी कपबशी घेऊन आत आले. आत वडील हवेत गोल काढत नव्हते, ते होऊन गेलं होतं. ते टाळ्या घेत होते. मी त्या वेळी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, पुढच्या दिवाळीलाही नाही. लग्न झालं, दोन गल्ल्या सोडून संसार मांडला, शाळेत शिकवायला लागले. फराळाला माहेरी जात राहिले, गोष्ट ऐकत राहिले. खोटं आहे हे माहीत असूनही मला ती आवडायची, यासारखी संतापजनक गोष्ट दुसरी नाही.

त्या ओळखीवर म्हाताऱ्याची मुलगी आणि जावई निफाडला माझ्या चुलतभावाच्या मळ्यात कामाला यायला लागले. पाऊस सरला की पाड्यावर काम नसायचं, तेव्हा द्राक्षाच्या छाटणीपासून माल निघेपर्यंत ती दोघं इकडेच. बाई कामाला वाघीण, असं भाऊ कौतुकाने म्हणायचा. शब्दांची आमच्या घराण्यात कधीच टंचाई नव्हती.

दोन हजारनंतरच्या एका हिवाळ्यात भावाच्या उसाची तोड चालू होती. ऊस जसा पडत जातो तसं आतलं जनावर उरलेल्या उसात सरकत जातं. शेवटी एवढासा तुकडा उभा राहिला आणि त्यात बिबट्या आहे हे तोडकऱ्यांनी पाहिलं. ते कोयते टाकून बाहेर आले. आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? माणसं लांब घेतली असती, जंगलखात्याला कळवलं असतं आणि संध्याकाळपर्यंत गप्प बसला असता. माझ्या भावाने काय केलं? त्याने बागेतल्या सगळ्या मजुरांना, बायकांसकट, डबे आणि ताटं घेऊन बोलावलं आणि त्या तुकड्याभोवती कडं केलं. अंगात काकांची गोष्ट संचारली होती. लहानपणापासून दर दिवाळीला तोही फराळाला यायचा ना!

म्हाताऱ्याच्या मुलीने त्याला सांगितलं, "दादा, पाटाकडली बाजू सोडा. मानसं काढा तिथली."

भाऊ हसला. म्हणाला, "काकांनी चारी बाजूंनी लावला होता हाका. तुझ्या बापाला विचार." आणि पाटाकडची बाजू बुजवायला त्याने तिलाच उभं केलं.

हे मला त्यानेच फोनवर सांगितलं. रडत सांगितलं, पण मला त्याच्या रडण्याशी काही घेणंदेणं नव्हतं. डबे वाजले, बिबट्या तीन वेळा आतल्या आत फिरला आणि मग पाटाच्या दिशेने आला. तिथे वाट नव्हती, ती होती. त्याने तिच्यातून वाट काढली. डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत चावला, आणि तो पाट ओलांडून निघून गेला.

हात वाचला, पण बोटं मिटेनात. भाताच्या लावणीला एका हातात रोपांची मूठ धरावी लागते आणि दुसऱ्याने चिखलात खोचावं लागतं. तिची मूठ गेली. तिच्या पाड्यावर बाईची मूठ गेली म्हणजे काय, हे इंदिरानगरच्या हॉलमध्ये कुणाला समजणार होतं?

मी दवाखान्यातून थेट माहेरी गेले. हॉलमध्ये दोन पाहुणे होते. वडील सोफ्यावर पुढे सरून सांगत होते, "रक्तातच असतं हो आमच्या. पुतण्याने बरोबर माझ्यासारखा हाका लावला, चारी बाजूंनी..."

त्यांचे हात गोल काढायला उठले आणि माझं डोकं फिरलं.

"बंद करा," मी ओरडले. "तुमच्या हाक्याला एक बाजू मोकळी होती, अण्णा. त्या म्हाताऱ्याने सोडली होती. आत तोच गेला होता. तुम्ही मेलेल्या जनावरापाशी गेलात. तुमच्या त्या मुंगीपायी आज एका बाईचा हात गेला!"

पाहुणे चपला शोधायला लागले. वडिलांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, आता तरी. ते म्हणाले, "अगं, गोष्ट सांगताना थोडं इकडचं तिकडे होतंच. आणि तुला हे सगळं माहीत होतं, तर इतकी वर्षं का नाही बोललीस?"

मला त्यांच्यावर हात उगारावासा वाटला, कारण प्रश्न बरोबर होता.

पुढच्या दिवाळीला म्हातारा आमच्याकडे आला नाही. वाघबारशीला मीच एसटीने हरसूलला गेले आणि तिथून चालत पाड्यावर. दुपारची वेळ होती. पाड्याबाहेर शेंदूर फासलेला वाघदेवाचा लाकडी खांब, पुढे नारळ, कोंबडी, आणि आजूबाजूला बसलेली माणसं. म्हाताऱ्याने मला त्यांच्यात बसायला घोंगडी टाकून दिली.

नैवेद्य झाल्यावर ते सांगायला लागले. त्या हंगामाचंच सांगत होते. पण तिथली रीत आमच्यासारखी नव्हती. ज्याने जे केलं तेवढंच त्याने सांगायचं, दुसऱ्याचं सांगायचं नाही. एक म्हातारा म्हणाला, मी वरच्या धारेवर डबा वाजवला. दुसरा म्हणाला, मी भ्यालो आन् झाडावर चढलो, आणि कुणी हसलं नाही. जो मेला असेल त्याच्या जागी क्षणभर गप्प बसायचे. मग आमचा म्हातारा म्हणाला, "वहळाकडली बाजू मी सोडली. इथून साहेबांचं." आणि सगळे थांबले. गोळी कुणी मारली, पुढे काय केलं, ते कुणीच सांगेना. चाळीस वर्षं ते दरवर्षी त्या जागी असे थांबत होते, आणि दरवर्षी एक माणूस एसटीचे धक्के खात साहेबांना बोलवायला जात होता.

"मी सांगते," मी म्हणाले. "साहेब घाबरले होते, ते..."

म्हाताऱ्याने मान हलवली. "साहेबांचं साहेब सांगतील. तुमचं काय ते सांगा."

माझं काय होतं? त्या हंगामात मी जन्मलेही नव्हते. पण सगळे माझ्याकडे बघत होते, रागाने नाही, वाट बघत. मी म्हणाले, "एक बाजू मोकळी ठेवतात हे मला ह्यांनी सांगितलं होतं. मला माहीत होतं. निफाडच्या माझ्या भावाला माहीत नव्हतं. त्याच्यादेखत दर दिवाळीला खोटी गोष्ट चालायची आणि मी तिथे फराळाच्या बशा भरत होते. मी बोलले नाही."

म्हाताऱ्याची मुलगी माझ्या शेजारीच बसली होती. तिने उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर नीट ठेवला.

"आता माझं," ती म्हणाली. "मी सांगितलं व्हतं, पाटाकडली बाजू सोडा."