शालीत गुंडाळलेली डिस्क

कपाटातल्या शालीचा डांबरगोळीचा वास आला की शहापूरचा आमचा संगणक वर्ग आठवतो. धड्यांची डिस्क एकच होती; ती जुन्या शालीत गुंडाळून, एसटीने, एक दिवसाआड मुरबाडच्या वर्गाला जायची. मशीन सुरू होताना कोणती डिस्क कशी जोडायची, ती यादी मी आदल्याच दिवशी नव्याने लिहिली होती, आणि तीत हीही डिस्क घातली होती. सकाळी डिस्क मुरबाडला गेली आणि इथे मशीन चालवणारी लिनक्स प्रणाली तिला शोधत अडून बसली. त्या दिवशी परीक्षा होती. परीक्षेला ती डिस्क लागणारही नव्हती. वर्ग चालवणाऱ्या बाई म्हणाल्या, "पोरी पाड्यावरून चालत आल्यात. परत धाडू का गो?" मी म्हटलं, "नाय. चूक माझी, मीच निस्तरनार." यादी उघडली, पण बदल साठवला जाईना; अडलेल्या मशीनने मुख्य डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडली होती. आधी ती लिहिण्यासाठी खुली केली, मग यादीतल्या धड्यांच्या डिस्कच्या ओळीत 'नोऑटो' घातलं, म्हणजे सांगितल्याशिवाय हिला जोडायचं नाही. खात्रीसाठी तीनदा बंद करून चालू केलं, मगच पोरींना आत घेतलं. आजही अशी यादी लिहिताना मी प्रत्येक ओळीपाशी थांबते आणि स्वतःला विचारते, ही डिस्क आलीच नाही तर?