बिनचेहऱ्याचा सिनेमा

भगवान खरात उल्हासनगर कॅम्प पाचला आमच्या शेजारी राहायचा. घर चालायचं लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगवर, आणि उरलेल्या वेळात तो स्वतःचे सिनेमे काढायचा. त्यांना सिनेमा म्हणायचं ते त्याच्या तोंडावर. मागे आम्ही वेगळंच म्हणायचो. एकात जीन्सच्या कारखान्यांमागचं निळं गटार अर्धा तास वाहतं. दुसऱ्यात शहाडला कारखान्याची पाळी सुटते आणि दिसतात फक्त चपला.

चेहरे तो घेत नसे. "चेहरा दिसला की लोक बाकी काय बघतच नाहीत," म्हणायचा. "लग्नात काढतो तेवढे बस झाले." अंबरनाथच्या एका शाळेत त्याने गटार दाखवलं, तेव्हा शेवटी मी, त्याची आई आणि पुण्याहून आलेले एक गृहस्थ उरलो. गृहस्थ म्हणाले, हा माणूस पुढे जाईल. गेला की, बदलापूरपर्यंत. तिथे खोली स्वस्त होती.

आई म्हणजे सुंदराबाई. तिच्यावरचा सिनेमा तर वर्षानुवर्षं चालू होता. ती तांदूळ निवडते, भाकरी थापते, खिडकीशी पाठ करून बसते. शेजारणी म्हणायच्या, स्टुडिओत जाऊन एखादा फोटो काढून घे. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं, "पोराच्या घरात कॅमेरा असताना स्टुडिओ कशाला?"

एक्याण्णव साली ती गेली. जलदानविधीला बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारी तिचा फोटो ठेवायचा, तर घरात फोटोच नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. बहीण मालिनी म्हणाली, "दादा, तुझ्या कॅसेटीत असेल, लाव." लावल्या. हात दिसले, पाठ दिसली, टाचांच्या भेगा दिसल्या. मालिनी कॅसेटी बदलत राहिली. भगवान टीव्हीकडे बघत होता, पण रडत नव्हता. मला त्याचा भयंकर राग आला. लोकांच्या विहिणींचे रुसवेसुद्धा ह्याने टिपले होते.

शेवटी उल्हासनगरहून जेठानंद पेंटरला आणलं. सांगाल तसा चेहरा काढून द्यायचा तो. त्याने कागद मांडला.

"माताजी का मुँह कैसा था?"

"गोल," मालिनी म्हणाली. "गालावर तीळ होता."

"कौन से गाल पर?"

मालिनी भावाकडे वळली. सासरी जाऊन तिला बरीच वर्षं झाली होती. "दादा, तू सांग. तू तर रोज बघायचास."

भगवानने स्वतःचे दोन्ही गाल चाचपून पाहिले. मग म्हणाला, "हातांचं विचारा ना. उजव्या अंगठ्याचं नख चिरलेलं होतं."

"हाथों का मैं क्या करूँ, साहब?"

विधीला सगळ्यांनी फुलं वाहिली ती तीळ नसलेल्या एका गोल चेहऱ्याच्या बाईला. त्रिशरण झालं, माणसं जेवायला बसली. भगवान माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "तुला आठवतो का रे, कुठल्या गालावर होता?"

मलाही आठवेना. डाव्या, म्हणून मी ठोकून दिलं. "हां, डाव्याच," तो म्हणाला, आणि पंगतीत वाढायला गेला.