वडगावात देऊळ शोधताना

निपाणीहून मी निघाले तो रविवार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बेळगावच्या दवाखान्यात कामावर हजर व्हायचं होतं, म्हणून उपासना संपली की थेट स्टँड गाठायचा, असं ठरलं होतं. उपासना संपली, पण कुणी घरी गेलंच नाही. सगळी मंडळी माझ्यामागं चालत स्टँडवर आली. सगळी म्हणजे किती, तर एका टेम्पोत मावतील एवढी. पाळकबाईंनी चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. भाऊ विनय बॅगा चढवत होता. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "प्रार्थना करूया की," आणि त्या गर्दीत, भडंगवाल्यांच्या आरोळ्यांत, आमच्या लोकांनी डोळे मिटले. कंडक्टर शिट्टी तोंडात धरून थांबला. आमेन झालं तेव्हाच त्यानं ती वाजवली.

आप्पा, माझे वडील, खिडकीखाली उभे होते. म्हणाले, "गेल्या गेल्या पैलं देऊळ शोध. लोकं बोलली न्हाईत तरी चालंल, तू जाऊन बस. द्येवाला तुझी वळख हाय."

हे लिहितेय ते तुमच्यासाठी, त्या दिवशी स्टँडवर डोळे मिटून उभे असलेल्यांसाठी. आणि नंतर पुण्याला, मुंबईला, दुबईला गेलात, त्या तुमच्यासाठीही. सगळ्यांनी मला एकच विचारलं होतं, "काय गं सुनंदा, देऊळ मिळालं का?" तेव्हा मी "मिळेल" एवढंच म्हणायचे.

मी नर्स. निपाणीत ज्या डॉक्टरांकडं मी इतकी वर्षं काम केलं, ते दवाखाना बंद करून मुलाकडं परदेशी गेले. आई त्याच्या आदल्याच वर्षी गेली होती. माझं लग्न जमायचं राहून गेलं होतं. चाळिशीला आलेल्या बाईला निपाणीत दुसरी नोकरी कुठली? बेळगावात मिळाली. खोली घेतली शहरातल्याच वडगाव भागात, शांताक्कांच्या घरी वरच्या मजल्यावर. खाली त्यांचे पॉवरलूम. सकाळपासून खडखड सुरू व्हायची आणि मी जेवत असले की ताटातली वाटी हलकेच थरथरायची. नव्या माणसाला तो आवाज नको होतो. मला उलट माग बंद पडले की खोली फार मोठी वाटायची.

आम्ही निपाणीचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो. आजा-पणज्यापासूनचा शब्द. त्यामुळं पहिल्याच आठवड्यात मी शांताक्कांना विचारलं, "इथं जवळपास देऊळ कुठं आहे हो?"

"देऊळ व्हय? चला की, दावून आणतो," म्हणत त्यांनी पदर खोचला, वाटेत एक नारळ घेतला आणि मला बनशंकरीच्या देवळात नेऊन उभं केलं. पुजाऱ्याला कानडीत सांगितलं की ही आमची नवी भाडेकरू, लांबून आलीय, हिला देवीचा आशीर्वाद हवा. आता सांगायचं कसं? बाहेर आल्यावर मी हळूच म्हटलं, "शांताक्का, आमचं देऊळ वेगळं. क्रूसाचं."

त्यांनी कपाळाला हात लावला. "आयवा! मग चर्च म्हणायचं की, गं!" आणि पोट धरून हसल्या. तरी खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवलाच. आई असती तर काय म्हणाली असती कोण जाणे. मी तो खाल्ला. त्या आठवड्यात माझ्याशी मायेनं बोललेलं ते एकच माणूस होतं.

बेळगावात चर्चची वाण नाही. पहिल्या रविवारी रिक्षा करून कॅम्पात गेले. दगडी इमारत, उंच छत, रंगीत काचा. उपासना इंग्रजीत. माझं इंग्रजी औषधांच्या चिठ्ठ्यांपुरतं. ब्लडप्रेशर मोजता येईल एवढं इंग्रजी मला येतं, पण देवाशी बोलायला ते पुरत नाही. सगळे नीट कपड्यांतले, सभ्य. शेवटी एका बाईंनी हात पुढं केला, हसल्या, आणि गाडीकडं गेल्या. मी फाटकाशी रिक्षाची वाट बघत राहिले. पुढच्या रविवारी एका कॅथलिक चर्चमध्ये गेले. कोकणी बरीचशी समजत होती, पण गुडघे कधी टेकायचे, कधी उठायचं, काही कळेना. सगळे बसले की मी उभी आणि सगळे उठले की मी बसलेली. एकदा एका दुकानावरच्या हॉलमध्ये गेले. तिथं ड्रम, मोठे स्पीकर आणि हात वर करून रडणारी तरुण पोरं. त्यांच्या भक्तीला मी नावं ठेवत नाही. पण आमच्याकडं रडायचं असलं तर मान खाली घालून रडतात.

शेवटी आमच्यासारखं साधं देऊळ सापडलं. पांढरा चुना, पत्र्याचं छप्पर, सायकली आणि स्कुटर बाहेर लावलेल्या. उपासनेचा क्रमही आमच्यासारखाच. फक्त सगळं कानडीत. बाजाराची कानडी मला येते. भाव करता येतो, बसमध्ये भांडता येतं. पण अक्षर वाचता येत नव्हतं. गीत सुरू झालं की मी पुस्तक हातात घेऊन नुसती उभी. शेजारी एक म्हाताऱ्या बाई बसायच्या, अंबाडा घातलेल्या, जाड चष्म्याच्या. त्या माझ्या पुस्तकातल्या ओळींखालून बोट फिरवायच्या. मला वाचता येत नाही हे त्यांना कळलं नव्हतं. त्यांना वाटायचं, मला ओळ सापडत नाहीये. उपासना संपली की त्या कानडीत "चलो आत, बरत्येनि" म्हणून, म्हणजे बरं झालं, येते, असा निरोप घेऊन निघून जायच्या. मीही मान हलवायची.

एक गोष्ट मला तिथं कळली. खोलीत एकटं बसणं जमतं. पंखा असतो, फोन असतो, खाली मागांचा आवाज असतो. पण जिथं सगळे एकमेकांना "पोराचा ताप उतरला का" विचारतायत, तिथं मधोमध एकटं बसणं जमत नाही. हळूहळू मी इन्चार्ज सिस्टरना सांगायला लागले, "मला रविवारची ड्युटी द्या." त्या खूश. रविवारी कुणीच यायला तयार नसायचं. मी वॉर्डात दुसऱ्यांच्या आया-बापांच्या उशा नीट करायची आणि मनातल्या मनात आमच्या देवळातली गीतं म्हणायची. आप्पांना फोनवर खरं तेच सांगितलं. "ड्युटी असती, आप्पा." ते म्हणाले, "बरं बाई. जेवलीस का?"

वर्षभरानं आप्पा बेळगावला आले, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. डोळ्यावरची पट्टी निघाली, काळा चष्मा आला आणि शनिवारी संध्याकाळी त्यांनी विचारलं, "उद्या देवळाला किती वाजता निघायचं?" मी म्हटलं, "आप्पा, कानडी उपासना आहे. तुम्हाला कळायचं नाही." ते म्हणाले, "मला न्हाय कळलं तर न्हाय. त्याला कळतंय न्हवं?"

गेलो. आप्पा सवयीनं सगळ्यात पुढच्या बाकावर जाऊन बसले. माझा जीव खालीवर. कानडी पाळकांनी पाहुणे बघून हात पुढं करत विचारलं, कुणाला काही बोलायचंय का. आप्पांना फक्त त्यांचा हात दिसला असावा. ते उठले, चष्मा काढला आणि मराठीत प्रार्थना करायला लागले. आमच्याकडं करतात तशी, लांबलचक. निपाणीतल्या एकेका घराचं नाव घेतलं. विनयची, सुनेची, पाळकबाईंच्या गुडघ्यांची आठवण केली. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांसाठी आभार मानले. मी परका असूनही ह्या माणसांनी मला पुढं बसू दिलं, म्हणाले. आणि मग आवाज खाली आला. "बापा, माझी लेक ह्या गावात एकली पडलीया. ती मला सांगत न्हाय. पर तिचा आवाज मला कळतो. हितं तिला कुणीतरी दे."

मी मान वर केली नाही. देवळात कुणालाच काही कळलं नसेल असं वाटत होतं, एवढाच आधार होता. "आमेन" मात्र सगळे एकदम म्हणाले.

उपासना संपल्यावर त्या जाड चष्म्याच्या बाई माझ्यापाशी आल्या. त्यांचे डोळे ओले होते. "अगं, तू मराठी हैस व्हय?" त्यांनी विचारलं. "इतकं दिस शेजारी बसलीस आणि एक शबूद बोलली न्हाईस?"

मी म्हटलं, "आणि तुम्ही?"

"मी गुंजीची. खानापूर तालुक्यातली. लगीन होऊन हितं आलो, तवापास्नं कानडीच. मालक गेले, आता घरात मराठी बोलाया कोण न्हाय. मला वाटलं तू हुबळीकडची."

त्यांचं नाव मार्था. दोघी एकमेकींना कानडी समजून कित्येक रविवार शेजारी शेजारी मुक्या बसलो होतो. आप्पा तोवर पाळकांशी खुणांनी बोलत, हसत उभे होते.

मार्थाक्कांनी मला कानडी अक्षरं शिकवली. मी रविवारची ड्युटी पुन्हा बदलून घेतली. उपासनेनंतर मी त्यांच्याकडं जेवायला जायची. त्या तांदळाची भाकरी करायच्या आणि मराठीत इतकं बोलायच्या, जणू एवढ्या वर्षांचं साठलेलं आटपायचं होतं. जेवणाआधी आम्ही दोघी मराठीत प्रार्थना करायचो. दोनच माणसांची मंडळी.

पुढच्या थंडीत आप्पा गेले. फारसे आजारी न पडता, दुपारच्या झोपेतच. मातीला मार्थाक्का, कानडी पाळक आणि त्यांच्या पत्नी रेणुकाबाई भाड्याच्या गाडीनं निपाणीला आले. कबरीशी आपले लोक गीत गात होते. पाळक आणि रेणुकाबाईंना शब्द येत नव्हते. ते दोघं हात जोडून, ओठ मिटून शेवटपर्यंत उभे राहिले. कुणी आपल्यासाठी असं परकं होऊन उभं राहतं, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर विनय पुण्याला गेला. घर विकलं. मार्थाक्काही आता धारवाडला मुलाकडं असतात, फोनवर ऐकू येत नाही त्यांना. मी पुन्हा एकटी बसते. गीतं आता वाचता येतात. प्रार्थना मात्र अजून मराठीतच येते, आणि ती मोठ्यानं ऐकायला शेजारी कुणी नसतं. हे दुःख आहे, पण आता ते ओळखीचं झालंय.

परवा एका रविवारी कुणाला न कळवता निपाणीला गेले. आपलं देऊळ नव्यानं रंगवलंय. तुमच्यातले बरेच जण बाहेर, राहिलेल्यांतले काही आजारी, काही गावाला. दारात एक तरुण बाई उभ्या होत्या, नव्यानं बदली होऊन आलेल्या घरातल्या. हसून म्हणाल्या, "या ना. पहिल्यांदाच येताय का आपल्याकडं?" "नाही, पूर्वी यायचे," एवढंच म्हटलं. त्यांनी मला आदरानं पाहुण्यांच्या बाकावर बसवलं. आमच्या देवळात पाहुण्यांसाठी वेगळा बाक असतो, हे मला त्या दिवशी समजलं.

उपासनेनंतर कबरस्तानात गेले. आई-आप्पांच्या कबरींवरचं गवत काढलं. मग स्टँडवर येऊन उभी राहिले. पोचवायला कुणी नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. रेणुकाबाई होत्या.

"याक बरलिल्ल इवत्त?" आज का आली नाहीस, असं विचारत होत्या. आवाजात थोडा राग होता.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मनीगे बंदीनि." घरी आलेय.

त्यांना वाटलं, ड्युटी संपवून वडगावच्या खोलीवर आलेय. "मग दमली असशील," त्या कानडीत म्हणाल्या. "थोडी पड, आणि संध्याकाळी आमच्याकडं प्रार्थना आहे, तिला ये. तुझ्यासाठी थांबतो."

मी त्यांचा समज दुरुस्त केला नाही. बेळगावची बस लागली होती. "येते," म्हटलं आणि चढले.