मोगऱ्याच्या मुळाशी बेडूक

एप्रिलमध्ये कुंडी बदलायला म्हणून मोगरा उपसला, तर मुळांतल्या ढेकळासकट एक बेडूक बाहेर आला. पाय पोटाशी, डोळे मिटलेले, अगदी दगड! मी त्याला तळहातावर घेतलं, गंभीर चेहऱ्यानं श्रद्धांजली वाहिली आणि कचऱ्याच्या डब्याकडे निघालो.

"अहो, थांबा! जिवंत आहे तो," बायको ओरडली. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते; घरी मला. "उन्हाळा झोपून काढतोय."

"आणि झोपेत जंतू चढले अंगावर तर?"

"त्याच्या कातडीतच जंतुनाशक द्रव्यं असतात. आणि तिकडे लडाखात ते खारीच्या कुळातले मार्मोट हिवाळाभर झोपतात ना, तेव्हा त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीसुद्धा बहुतेक दडी मारतात. जाग आली की पुन्हा कामावर हजर."

मी थक्कच झालो. मला एक शिंक आली की काढा, वाफ, मफलर अशी सगळी फौज उभी राहते. आणि हे जीव पहारेकऱ्यांनाही रजा देऊन खुशाल झोपतात! एवढा भरवसा कुणाच्या जिवावर?

तेवढ्यात बेडकाच्या गळ्याखालची कातडी एकदाच, हलकीशी थरथरली. मी श्वास रोखला. बायकोनं हळूच कुंडीतली माती बाजूला सारली, मी त्याला मोगऱ्यासकट पुन्हा आत ठेवलं.

मोगरा यंदा जुन्याच कुंडीत फुलेल.